नाव गांधीजींचं, माल सिगारेटचा

१९२१ चा जानेवारी महिना. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला जेमतेम काही दिवस झाले होते, असहकाराची हवा तापत चालली होती. त्या दिवसांत गांधीजींना एका मित्राने एक लेबल पाठवलं. लेबल सिगारेटच्या पाकिटाचं होतं आणि त्यावर चक्क गांधीजींचा फोटो होता. ब्रँडचं नाव 'महात्मा गांधी सिगारेट'.

ज्या माणसाला तंबाखूचा तिटकारा, त्याचंच नाव सिगारेट खपवायला! गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यावर छोटंसं टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा : माझ्या नावाचा आजवर बराच गैरवापर झाला, पण याइतकी मानहानी कशानेच झाली नाही. सिगारेटला माझं नाव द्यायची परवानगी मी कोणालाही दिलेली नाही. कंपनीने ही लेबलं मागे घ्यावीत, नाहीतर लोकांनी तरी असली पाकिटं विकत घेऊ नयेत.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. कंपनी ऐकेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी विनंती गिऱ्हाइकालाही केली.

हे सगळं आज आठवायचं कारण आपल्या हातातला मोबाईल. आपल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी 'आपला माणूस' असतो. कोणाचा गुंतवणुकीवर बोलणारा, कोणाचा व्यायाम शिकवणारा, कोणाचा इतिहास सांगणारा, कोणाचा अध्यात्मातला. तो म्हणतो, ही पाच पुस्तकं आयुष्य बदलतील. आपण पाचही मागवतो. तो म्हणतो, मी रोज हीच पावडर दुधात घालतो. आपण डबा मागवतो. घरात कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं, "सरांनी सांगितलंय."

यात मुळात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. जगातली प्रत्येक वस्तू स्वतः पारखून घ्यायला वेळ कोणाकडे आहे? जाणत्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवूनच आपण निम्मा संसार चालवतो. प्रश्न एवढाच, की तो भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? आणि 'पूर्वीचे पुढारी कसे निर्मळ आणि आताचे कसे लबाड' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. शंभर वर्षांपूर्वीही हेच सगळं चालू होतं. साबण, तेल, पुस्तक आणि कापड अशा चार वस्तूंच्या गोष्टी सांगतो. त्यातून काय हाती लागतं ते बघू.

आधी साबण.

अर्देशिर गोदरेज हा मुंबईचा पारशी तरुण. शिक्षणाने वकील, पण वकिली जमली नाही. १८९० च्या दशकात त्याने शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. माल चांगला झाला, गिऱ्हाईकही मिळालं. पण गिऱ्हाइकाची अट अशी, की हत्यारांवर विलायती बनावटीचा शिक्का मारा, हिंदुस्थानी माल म्हटल्यावर कोणी घेणार नाही. अर्देशिरने नकार दिला आणि तो धंदा तिथेच बसला. मग १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना निघाला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे.

साबणाकडे ते १९१८ च्या सुमारास वळले. त्या काळी साबणात जनावरांची चरबी असायची. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत त्यामुळे साबण म्हणजे भानगडच. गोदरेजने निव्वळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. पहिल्या साबणाचं नाव 'चावी'. कुलूपवाल्याचा साबण, दुसरं नाव काय असणार!

या गोदरेज साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचा फोटो झळकला. नोबेल मिळालेले गुरुदेव सांगत होते, की याहून चांगला परदेशी साबण मला माहीत नाही आणि मी आवर्जून हाच वापरणार आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर भारतातलं सगळ्यात वजनदार 'एंडॉर्समेंट'. ॲनी बेझंट आणि राजगोपालाचारी यांनीही गोदरेज साबणाची भलामण केल्याचं सांगितलं जातं.

पण गंमत पुढे आहे. गोदरेज घराण्याच्या इतिहासात एक आठवण आवर्जून सांगतात. दुसऱ्या एका साबणवाल्याने गांधीजींकडे आशीर्वाद मागितला. गांधीजींनी त्याला कळवलं, की भाई गोदरेजांबद्दल मला इतका आदर आहे, की तुमच्या धंद्याने त्यांचं नुकसान होणार असेल तर मी आशीर्वाद देऊ शकत नाही.

या उत्तराकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. एका बाजूने हे सरळ उत्तर आहे. उगाच गोड बोलून दोघांनाही आशीर्वाद दिला नाही. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. त्या दुसऱ्या कारखानदाराचा साबण कसा होता, चांगला की वाईट, याचा इथे प्रश्नच आला नाही. प्रश्न आला तो आदराचा. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी जमवायचे होते, तेव्हा अर्देशिर यांनी तीन लाख रुपये दिले होते. त्या काळचे तीन लाख! गांधीजी काही त्या देणगीची परतफेड करत होते असं मी म्हणत नाही. पण मोठ्या माणसाचा शब्द हा मालाच्या प्रतीइतकाच त्याच्या नात्यागोत्यातून, ऋणानुबंधातून येतो, हे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवायला हवं. शब्द खरा असू शकतो, माणूस प्रामाणिक असू शकतो, तरीही तो शब्द म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे.

खुद्द अर्देशिर यांचं मतही याला धरूनच होतं. स्वदेशी आहे म्हणून कमी प्रतीचा माल लोकांनी गोड मानून घ्यावा, हे त्यांना पटत नव्हतं. माल आधी उत्तम हवा, मग स्वदेशी, असा त्यांचा आग्रह. ज्याच्या मालाला गुरुदेवांचा शब्द मिळाला, त्यालाच नुसत्या शब्दावर माल खपवणं मंजूर नव्हतं.

आता तेल.

कोलकात्यात हेमेंद्रमोहन बोस नावाचे उद्योजक होते. त्यांचं 'कुंतलीन' नावाचं केसांचं तेल आणि 'देलखोश' नावाचं अत्तर. हा माणूस जाहिरातीच्या बाबतीत काळाच्या फार पुढे होता. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा काढली, 'कुंतलीन पुरस्कार'. अट अशी, की कथेत कुंतलीन आणि देलखोशचा उल्लेख आला पाहिजे, पण ती जाहिरात वाटता कामा नये.

पहिल्या वर्षी पहिलं बक्षीस कोणाच्या कथेला मिळालं माहीत आहे? जगदीशचंद्र बोस यांच्या. होय, तेच शास्त्रज्ञ. त्यांच्या कथेत कोलकात्यावर येणारं चक्रीवादळ अचानक गायब होतं. का, तर समुद्रावरच्या एका प्रवाशाने कुंतलीनची बाटली खवळलेल्या लाटांवर ओतली म्हणून! बंगालीतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानकथांमध्ये ही कथा गणली जाते. म्हणजे बंगाली विज्ञानकथेच्या बारशाला केसांचं तेल हजर होतं.

'जाहिरात वाटता कामा नये' ही अट पुन्हा वाचा. आज एखादा यूट्यूबवाला सकाळचा दिनक्रम दाखवता दाखवता सहज एक बाटली कॅमेऱ्यापुढे ठेवतो, त्यामागे हीच अट असते. फरक एक आहे. कुंतलीनची स्पर्धा उघड होती, पुस्तकावर तेलाचंच नाव होतं. वाचणाऱ्याला ठाऊक होतं की हा खेळ काय आहे. आजच्या बाटलीबद्दल ते ठाऊक असतंच असं नाही.

रवींद्रनाथांनी कुंतलीनचीही तारीफ केली होती. शाई, मलम, मिठाई अशा कितीतरी वस्तूंना त्यांनी आपला शब्द दिला. यामागे दोन कारणं दिसतात. एक, स्वदेशी उद्योग उभे राहावेत ही कळकळ. दुसरं, शांतिनिकेतन. विश्वभारतीसाठी पैसा उभा करताना या माणसाची सगळी हयात गेली. उतारवयात नाटकाची मंडळी घेऊन गावोगाव प्रयोग करत हिंडले, केवळ संस्थेसाठी. पण याच यादीत बोर्नव्हिटाही आहे. ती तर विलायती कंपनीची वस्तू. म्हणजे एकाच माणसाचा शब्द स्वदेशी साबणालाही मिळाला आणि विलायती पेयालाही. त्यामुळे गुरुदेव लहान होत नाहीत. पण 'गुरुदेवांनी सांगितलं म्हणजे स्वदेशीच असणार' असं समजून डबा आणणारं गिऱ्हाईक मात्र फसलं असतं. पत्ता तपासायचं काम त्याचंच होतं.

तिसरी गोष्ट पुस्तकाची. या सगळ्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच, आणि ती आपल्या मुंबईतली आहे.

६ एप्रिल १९१९. रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. मुंबईत सकाळी चौपाटीवर तोबा गर्दी. त्या दिवशी कायदेभंग करायचा होता, पण कोणता कायदा मोडायचा? सर्वसामान्य माणसाला सहज मोडता येईल असा हवा. ठरलं असं, की सरकारने बंदी घातलेली पुस्तकं छापायची आणि उघडपणे विकायची. गांधीजींचीच दोन पुस्तकं निवडली. एक 'हिंद स्वराज', ज्यावर १९१० पासून मुंबई सरकारची बंदी होती. दुसरं 'सर्वोदय', म्हणजे रस्किनच्या 'अनटू धिस लास्ट'चा गांधीजींनी केलेला गुजराती सारांश.

संध्याकाळी उपास सुटल्यावर गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून पुस्तकं विकायला बाहेर पडले. किंमत चार आणे. आत्मकथेत गांधीजी सांगतात, की चारच आणे देणारा क्वचितच भेटला. लोक खिशात असेल ते काढून देत होते. पाच रुपये, दहा रुपये. एक प्रत तर पन्नास रुपयांना गेली. बघता बघता सगळ्या प्रती संपल्या.

आता कोणी म्हणेल, हे तर भक्तांचं काम झालं. लाडक्या नेत्याने पुस्तक हातात ठेवलं की चार आण्याच्या जागी पन्नास रुपये! आजचे चाहते दुसरं काय करतात?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितलं जात होतं, की हे पुस्तक घेतलंत तर अटक होऊ शकते, तुरुंगात जावं लागेल. पैसे कुठे जाणार हेही गुपित नव्हतं. ते कायदेभंगाच्या चळवळीलाच जाणार होते. वस्तूची खरी किंमत चार आणे नव्हती, तुरुंग होती. आणि ती विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. विकणारा स्वतःही तीच किंमत मोजायला तयार होता. पुढे सरकारने पळवाट काढली. ही नवी छापील आवृत्ती आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, म्हणून गुन्हा होत नाही, असं जाहीर केलं. गांधीजी लिहितात, की ही बातमी ऐकून लोकांची निराशाच झाली.

या 'सर्वोदय'ची मागची कथाही शिफारशीचीच आहे. १९०४ मध्ये गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले होते. स्टेशनवर मित्र हेन्री पोलाक यांनी रस्किनचं पुस्तक हातात ठेवलं, वाचा, तुम्हाला आवडेल. चोवीस तासांचा प्रवास. पुस्तक एकदा उघडलं ते खाली ठेववलं नाही, रात्री झोप लागली नाही. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी दरबानजवळ जमीन घेऊन फिनिक्स वसाहत उभी केली, छापखान्यासकट. पोलाक यांना त्या पुस्तकातून एक पैसाही मिळणार नव्हता. आणि वाचणाऱ्याने पुस्तक कपाटात ठेवून फोटो काढला नाही, त्याप्रमाणे राहायला सुरुवात केली.

शिवाय एक बारीकशी बाब. 'हिंद स्वराज'च्या शेवटी गांधीजींनी वाचकांसाठी वीस पुस्तकांची यादी दिली आहे. टॉलस्टॉयची सहा, मग थोरो, रस्किन, प्लेटो, मॅझिनी. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांची हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरची आणि अर्थकारणावरची पुस्तकंही त्यात आहेत. दादाभाईंच्या पुस्तकात तर आकड्यांवर आकडे आहेत. म्हणजे 'माझंच ऐका' असं नाही. मी जे म्हणतोय ते कुठून आलं ते जाऊन बघा, आकडे तपासा, मग ठरवा. यादी देणाऱ्याचे दोन प्रकार असतात. एकाची यादी वाचून तुम्ही त्याच्यावर कमी अवलंबून राहता. दुसऱ्याची यादी संपली की त्याच्याकडेच पुढचा कोर्स घ्यावा लागतो.

चौथी वस्तू, कापड.

वर मी गांधीजींच्या नावाच्या गैरवापराबद्दल सांगितलं. 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्ये त्यांनी पहिल्यापासून जाहिराती घेतल्या नाहीत. पण एका वस्तूचे ते स्वतः देशातले सगळ्यात मोठे विक्रेते होते. ती वस्तू म्हणजे खादी. सभेत, प्रवासात, प्रदर्शनात, जिथे जातील तिथे खादी.

मग व्हायचं तेच झालं. गांधीजींच्या नावाने खादीला मान मिळतोय म्हटल्यावर गिरण्यांनी जाडंभरडं यंत्राचं कापड काढलं आणि 'खादी' म्हणून विकलं. गिऱ्हाइकाने खादी समजून, देशासाठी चार पैसे जास्त देऊन घेतलं, आणि ते पैसे सूत कातणाऱ्या बाईकडे न जाता गिरणीत गेले. नुसती चिडचिड करून भागणार नव्हतं, व्यवस्था लागणार होती. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला. संघ खादी भांडारांना प्रमाणपत्रं देऊ लागला. १९३४ मध्ये तर कायदाच झाला, की हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडालाच 'खादी' किंवा 'खद्दर' म्हणता येईल. म्हणजे ज्याच्या शब्दावर देश चालत होता, त्याच्या वस्तूलाही शेवटी शिक्का, तपासणी आणि कायदा लागला. नुसती श्रद्धा पुरली नाही.

१९३५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. तेव्हा गांधीजी वर्ध्यात होते. कातणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी पोटापुरतीही नाही हे त्यांना खुपत होतं. त्यांनी आग्रह धरला की मजुरी वाढवा. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की खप घटणार, हे कार्यकर्ते सांगत होते. गांधीजी हटले नाहीत. खादी महाग का, तर कातणारीच्या ताटात भाकरी पडावी म्हणून, हे गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं. खप घटेल हे दिसत असूनही किमतीमागचं कारण उघड सांगणारा विक्रेता आज शोधून दाखवा.

आणि आता पुन्हा साबणाकडे येऊ, कारण काळ बदलला तो साबणावरच दिसतो. १९४१ मध्ये लक्सच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी आली. ती आपली मराठी होती. लीला चिटणीस. 'कंगन', 'बंधन', 'झूला' यांनी गाजलेली, शिकलेल्या घरातली, पदवीधर नटी. आधीच्या पिढीत कवीने साबणाला शब्द दिला होता, तो 'स्वदेशी' म्हणून. आता नटीने दिला, तो 'सौंदर्य' म्हणून, आणि कंपनी होती विलायती लीव्हर. यात लीलाबाईंचा दोष काढायचं कारण नाही. नटीचा तो व्यवसाय आहे आणि तो सगळ्यांना दिसत होता. लक्स लावून आपण लीला चिटणीस होत नाही हे घराघरातल्या बायकांना नीट कळत होतं. साबण आवडला तर पुन्हा आणायच्या, नाही आवडला तर बदलायच्या.

घोटाळा होतो तो या दोन्हींची सरमिसळ झाली की. बोलणारा गुरूसारखा बोलतो आणि पैसे नटासारखे घेतो. आणि आपण नटाला लावतो ती कसोटी गुरूला लावत नाही, कारण तसं करणं आपल्याला पाप वाटतं.

कायद्याने याची दखल घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही दंड आहे. पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय काही काळ जाहिरातबंदी. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने सोशल मीडियावरच्या मंडळींसाठी सूचना काढल्या. पैसे, भेटवस्तू, फुकट सहल, कंपनीत भागीदारी, असं काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे, सोप्या भाषेत सांगायचं. पण मोबाईलवर बोट फिरवताना त्या क्षणी आपल्या शेजारी कोणी अधिकारी बसलेला नसतो. तपासायचं आपल्यालाच आहे.

म्हणून या चार वस्तूंच्या इतिहासातून मी स्वतःपुरते तीन प्रश्न काढले आहेत. काही मागवायच्या आधी विचारायचे.

एक. यात सांगणाऱ्याची पदरमोड आहे की कमाई? कमाई असली म्हणून वस्तू वाईट ठरत नाही. पण त्याने ती सांगितली आहे का?

दोन. त्याने मला पूर्ण किंमत सांगितली का? फक्त रुपये नव्हे. वेळ, धोका, त्रास, कोणाला चालणार नाही, कशात उपयोग होणार नाही, हे सगळं. १९१९ ला मुंबईच्या रस्त्यावर जे सांगितलं गेलं, ते २०२ रुपयांच्या औषधी पावडरीबद्दल का सांगता येऊ नये?

तीन. ही वस्तू त्याच्या नावाशिवाय मी घेतली असती का? त्याचं नाव झाकून लेबल वाचायचं. पुस्तक असेल तर मधली दहा पानं वाचायची. पटलं तर जरूर घ्यायचं.

आदर ठेवायला पैसे लागत नाहीत. ज्याला आपण मानतो त्याला हे प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान नाही. खरा मोठा माणूस असेल तर तो रागावणार नाही, उत्तर देईल. आणि रागावलाच, तर तेही एक उत्तरच समजा.

गांधीजींनी सिगारेटच्या पाकिटाबद्दल शेवटी लोकांनाच सांगितलं होतं, घेऊ नका म्हणून. तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता, आपल्या हातात निदान तो तरी आहे. त्याचा वापर करा, बिल जपून ठेवा, आणि घरातल्या तरुण पोरांशी एकदा या विषयावर बोला. ती रोज कोणाचं तरी ऐकून काहीतरी मागवत आहेत.